आमच्या आमदारांचं जनसंपर्क कार्यालय: पत्र लगेच, साहेब शनिवारी

पाचपैकी तीन तारे. त्यातला अर्धा चहाचा आहे, आधीच सांगते.

साहेबांचं नाव लिहीत नाही. मुंबईच्या पश्चिम उपनगरातली आमची म्हाडाची वसाहत, मी सोसायटीची सेक्रेटरी, आणि पाणी पुढच्या उन्हाळ्यातही जाणारच आहे.

या कार्यालयाची मी वीस-बावीस वर्षांची गिऱ्हाईक. सुरुवातीला नाक्यावर पत्र्याची शेड होती, त्यात साहेब स्वतःच बसायचे. तेव्हा ते 'भाऊ' होते. गटार तुंबलं की पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चेंबरपाशी हजर. नगरसेवक झाले, शेडला शटर लागलं. आमदार झाले, दोन गाळे एक झाले, एसी आला, काचेचं दार आलं, 'चपला बाहेर काढाव्यात' ही पाटी आली. आणि भाऊंचे साहेब झाले.

यंदा तिसऱ्या मजल्यावर पाणी चढेना. वॉर्ड ऑफिसात अर्ज देऊन सहा आठवडे झाले, आवक शिक्क्यापलीकडे काही हललं नाही. म्हणून इथे गेले. टोकन, खुर्ची, चहा. चहा आलं घातलेला आणि गरम. संगणकावरच्या मुलाने माझं म्हणणं निम्मं ऐकून जुनं पत्र उघडलं, इमारतीचं नाव बदललं, प्रिंट काढली. वर राजमुद्रा, खाली 'नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती'. मधल्या ओळीत मात्र आधीच्या माणसाची इमारत तशीच! चष्मा लावून वाचलं म्हणून सापडलं. तुम्हीही वाचा. नाहीतर पाणी शेजाऱ्यांना जाईल.

आमदाराला महापालिकेच्या जलखात्यात हुकूम सोडता येत नाही, पत्रच देता येतं. पण त्या पत्राने नवव्या दिवशी माणूस आला, व्हॉल्व्हचा घोळ निघाला, पाणी चढलं. अडीच तारे याचेच. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर तर पुढे कितीतरी काळ नगरसेवकच नव्हते. कचऱ्यापासून झाडाच्या फांदीपर्यंत सगळी रांग इथेच लागायची. तेव्हाही पत्र मिळायचं, हे मान्य करायला हवं.

साहेब भेटतात फक्त शनिवारी. डिसेंबरात जाऊच नका, 'साहेब नागपूरला, अधिवेशन आहे' एवढंच ऐकायला मिळतं. ते मला चालतं. निवडून दिलंय ते सभागृहात बसायलाच. पण तिथे आपल्या वस्तीबद्दल काय विचारलं, याचा एक कागद भिंतीवर लावायला काय हरकत आहे? भिंतभर सत्काराचे फोटो आहेत. अर्धा तारा तिथे गेला.

माझी आई गोरेगावची. तिच्या लेखी आमदार एकच, मृणाल गोरे. १९६१ साली महापालिकेत, १९७२ ला विधानसभेत, १९७७ ला लोकसभेत. पण आई शेवटपर्यंत 'पाणीवाली बाई'च म्हणायची. महागाईच्या मोर्चात नेलेलं तिचं लाटणं माझ्याकडे आहे, एका टोकाला चीर गेलीये, तरी पोळ्या त्यानेच लाटते. म्हणून असेल, पण 'साहेब' म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. राहिलेला दीड तारा त्यासाठी कापलाय. हा अन्याय आहे, ठाऊक आहे मला.

आमदार निधीचंही सांगते. वर्षाला पाच कोटी, पण पैसा त्यांच्या हातात येत नाही. ते काम सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून. आमच्या गल्लीला त्यातून पेव्हर ब्लॉक मिळाले. काम बरं आहे. नावाचा बोर्ड फार मोठा आहे.

पाणी आल्यावर शनिवारी आभार मानायला गेले. फोन कानाला लावलेलाच, तरी ओळखलं. "काय वहिनी, ते गटार आता तुंबत नाही ना?"

तुंबतं. पण चेंबरच्या झाकणावर त्यांचेच पेव्हर ब्लॉक बसलेत, आणि झाकण नेमकं कुठे होतं ते आता भाऊंनाच आठवत असेल.