लाल दोरा की कणकेलाच रजा?

घरात एकाला सिलिअ‍ॅक, म्हणजे धान्यातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतडं बिघडवणारा आजार, निघाला की ते ज्यांत असतं ते गहू, बार्ली आणि राय त्या माणसाला जन्मभर बंद. हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलेलं असणार, त्यामुळे ते पुन्हा उगाळत नाही. खरा प्रश्न परतीच्या एसटीत पडतो: फक्त त्या एकाचं वेगळं काढायचं, की सगळ्या घराचाच गहू बंद करायचा?

आम्ही दोन्ही करून बसलोय. पहिला प्रकार साधारण चौदा महिने चालला, दुसऱ्याचं आता तिसरं वर्ष. घर राजापूर तालुक्यात, माणसं सहा: आई, आबा, आम्ही दोघं, मोठा मुलगा आणि लेक. त्रास लेकीला. दोन वर्षं लोहाचं औषध पाजूनही हिमोग्लोबिन चढेना, उंची खुंटलेली. शेवटी कोल्हापुरात रक्ताची टीटीजी (या आजारात वाढणारी प्रतिपिंडं मोजणारी) तपासणी आणि दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा, असं करून निदान झालं.

पहिल्या पद्धतीचं नाव आमच्याकडे ‘लाल दोरा’. लेकीच्या पातेल्यांच्या कानांना, कालथ्याला, डब्यांना लाल लोकरीचा दोरा बांधलेला. पोळपाट-लाटणं, चाळण, लाकडी पळी वेगळी. स्टीलची भांडी स्वच्छ घासली की चालतात, पण लाकूड आणि चाळणीची जाळी यांचा भरवसा नाही. बिडाच्या तव्याचाही नाही. आजीच्या वेळेपासूनच्या तव्यात किती चपात्या मुरल्यात कोण जाणे, म्हणून नवा आणला. त्यावरून घावन नीट सुटायला दोन महिने गेले, आणि तेवढे दोन महिने आईची बोलणी मी खाल्ली.

या पद्धतीला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. आबांना रात्री चपाती लागते, ती त्यांना मिळत होती. खर्चही कमी. भावा-जावांचं मोठं घर असेल, चूल एक आणि खाणारे पंधरा, तर एकासाठी चौदांचं ताट बदला असं कोण कुणाला सांगणार? आणखी एक मुद्दा मला आजही पटतो. बाहेर सगळीकडे गहूच आहे. घरातच ‘हे माझं का?’ असं विचारायची सवय लागली तर शाळेच्या सहलीत पोर फसत नाही.

दुसरी पद्धत म्हणजे कणकेला रजा. कणीक, मैदा, रवा, शेवया यांना घराचा उंबरा बंद. शहरातल्या ओळखीच्यांना हे ऐकूनच घाम फुटतो, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे महागडी पाकिटबंद पिठं येतात. आपल्याकडे तसं नाही. सकाळी पेज किंवा घावन, दुपारी भात, रात्री तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी: यात बदलायचं काय? आंबोळी, खापरोळी, शिरवळ्या, पातोळ्या, उकडीचे मोदक, सगळं तांदळाचं. सांदणांना मात्र तांदळाचाच रवा घ्यायचा. माझी आजी असती तर तिला या आजाराचं पथ्य म्हणजे नेमकं काय, हे कळलंच नसतं. एवढं खरं की नुसत्या तांदळावर राहू नये. नाचणी, वरी, ज्वारी आलटून पालटून हवीत. आमच्या लेकीला तर लोहासाठी ती हवीतच.

काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच सांभाळायच्या. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. काही हिंगांत तांदळाचं पीठ असतं, तेव्हा डबी उलटी करून वाचा. मेतकुटात मूठभर गहू पडतात, थालीपिठाच्या भाजणीत पडतात, सातूच्या पिठाचं तर बोलायलाच नको. माल्टवालं दुधातलं पेय बार्लीचं. मासे तळताना वरून रवा लावायची आपली जुनी खोड. घरी तांदळाचं पीठ लावलं की बांगडा तितकाच कुरकुरीत होतो, खाणावळीत मात्र विचारावं लागतं. कोंबडी-वड्यांच्या पिठातही कुणी कुणी गहू घालतं. पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं तर आपल्या देशात किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं. वीस मिलिग्रॅम म्हणजे डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढं. यावरूनच गावच्या गिरणीचं काय करायचं ते ठरतं. गव्हामागून तांदूळ टाकले की पहिल्या पायलीत गहू आलाच. गिरणीवाले आमचे सोयरे, त्यांनी आधी आपले दोन किलो तांदूळ दळून जातं साफ करून द्यायची तयारी दाखवली. माणूस भला, पण मन निश्चिंत होईना. घरघंटी घेतली. या आजारापायी झालेल्या सगळ्या खर्चांत तेवढा एक खर्च मला कधी खुपला नाही.

आता मूळ गोष्ट. लाल दोऱ्याच्या काळात मला कंटाळा कशाचा आला असेल तर तुपाच्या बरणीचा.

बरण्या दोन होत्या, एक सगळ्यांची आणि एक दोऱ्याची. तूप घरचंच, आई शनिवारी लोणी कढवायची. आबांची सवय अशी की चमच्याने तूप चपातीवर पसरायचं आणि तोच चमचा परत बरणीत. सगळ्यांच्या बरणीत गेला तर बिघडत नाही. पण दोन बरण्या एकाच फळीवर, आणि आबांची नजर अधू. कधी ते, कधी मुंबईहून आलेली आत्या, कधी घाईत मीच. तुपात चपातीचा कण पडला तर तो तळाशी बसतो, आणि बेरीही तळाशीच असते. कण कुठला आणि बेरी कुठली? कळायला मार्ग नाही. मग बरणीच्या बरणी शेजारी द्यायची. कुणी केलं यावर जेवताना चौकशी बसायची, आबा मुकाट ताटावरून उठायचे. महिन्यात दोनदा तरी हा प्रकार.

एके सकाळी स्वयंपाकघरात आलो तर लेक पाटावर उभी. तेव्हा नऊ वर्षांची होती. तुपाची बरणी खिडकीशी धरून ती उन्हात तळ बघत होती. हळूच तिरकी करायची, थांबायची, परत बघायची. मला म्हणाली, “आज काय नाय वाटतं.” आणि भातावर तूप न घेताच जेवली. त्या आठवड्यात मी बायकोला म्हटलं, आता पुरे.

तपासण्यांच्या आकड्यांत फरक पडला का, असं विचाराल. टीटीजी पहिल्या पद्धतीतही उतरत होती, फक्त रेंगाळत. कणीक गेल्यावर पुढच्या दोन तपासण्यांत ती जागेवर आली. त्याचं श्रेय कणकेच्या रजेला, की नुसत्या उलटून गेलेल्या काळाला, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. आतडं भरून यायला वेळ लागतोच. मात्र बरणी उन्हात धरायचं तिने सोडलं.

किंमत मोजावी लागली ती आबांना. सुरुवातीचे पंधरा दिवस ते भाकरी मोडून नुसते बघत बसायचे. तेव्हा तोडगा काढला: पाव, खारी, बिस्किटं फक्त पडवीत. तिथे वेगळी थाळी, खाऊन झालं की हात धुऊनच आत. चपाती हवी असेल तर आबा समोर काकांकडे जाऊन जेवतात, आणि मला वाटतं त्यात त्यांना आता थोडी मजाच येते. सोवळं-ओवळं उलटं झालं, एवढंच, असं आई म्हणते. कट्टर पाहिलं तर हे घर शंभर टक्के गव्हाविना नाहीच. पण कोरडं पीठ घरात नाही. चाळताना उडणारं, सुकत घातलेल्या भांड्यांवर बसणारं, ज्याच्यामागे डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं ते पीठच नाही, आणि आमचं तेवढ्यावर भागतं.

कुठली पद्धत टिकते ते गणपतीत कळतं. चाकरमानी आले की आमच्या स्वयंपाकघरात एका वेळी सहा बायका असतात. लाल दोऱ्याच्या वर्षी दुसऱ्याच दिवशी दोरे ओले होऊन सुटले आणि कालथे एकमेकांत गेले. लेकीने पुढचे दिवस दही-भातावर काढले. यंदाच्या गणपतीत करंज्यांऐवजी हळदीच्या पानातल्या पातोळ्या केल्या, पूजेच्या शिऱ्याला तांदळाचा रवा घेतला. पहिल्यांदाच प्रसाद वाटायचं काम लेकीकडे होतं. चाकरमान्यांच्या पोरांना नूडल्स पाहिजेच होत्या, त्यांना पडवीत शेगडी लावून दिली.

तरीही, तुमच्या घरात गव्हावर जीव असलेले चार वडीलधारे असतील, किंवा पथ्य मोठ्या माणसाचं असेल आणि तो आपलं आपण सांभाळणारा असेल, तर दोरा बांधा. फक्त तूप, लोणचं, चटणी, साखर यांच्या बरण्या दोराबंद कपाटात, कुलुपात म्हटलं तरी चालेल. पथ्य लहान मुलाचं असेल आणि घर आपल्या किनाऱ्यावर असेल, तर कणकेला रजा देणं वाटतं त्याहून सोपं आहे, एवढंच मी म्हणेन.

घाई मात्र करू नका. आई-वडील आणि सख्ख्या भावंडांत हा आजार निघण्याची शक्यता साधारण दहात एक धरतात, म्हणून त्यांचीही रक्ततपासणी सांगितली जाते. ती गहू खात असतानाच करावी लागते. घराने गहू सोडून बरेच दिवस झाले की आजार असूनही तपासणी कोरी येऊ शकते. कणीक बंद करायच्या आधी आम्ही सगळ्यांच्या तपासण्या उरकल्या, मुलाची निर्दोष आली. पण एकदा निर्दोष म्हणजे कायमची निर्दोष नव्हे. डॉक्टर म्हणाले, पुन्हा बघू. त्यासाठी त्याला आधी काही आठवडे रोज गहू खावा लागणार, म्हणून सुट्टीत मामाकडे पाठवायचं ठरलंय. मामीने रोज चपाती आणि शेवयांची खीर कबूल केलीय. चिरंजीवांनी आत्ताच पिशवी भरून ठेवली आहे.