पाव किलोचा ड्रोन, वर्षभराहून जास्त वापरल्यावर: खेळणं म्हणून घेत असाल तर आधी हे वाचा

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. ड्रोन चांगला आहे. कॅमेरा झकास, हवेत एका जागी खिळल्यासारखा उभा राहतो, आणि कधी हातात न घेतलेला माणूसही अर्ध्या तासात उडवायला शिकतो. माझी कुरकुर या शेवटच्या गोष्टीबद्दलच आहे. उडवायला इतका सोपा, की आपण काय उडवतोय याचा माणसाला विसर पडतो.

ड्रोन मूळचा मावसभावाचा. त्याने २०२१ साली घेतला होता. तो नोकरीसाठी बाहेर गेला, तेव्हापासून माझ्याकडे आहे. आमचं गाव जुन्नर तालुक्यात, त्यामुळे वापर बहुतेक तिकडचाच: शेत, घाटमाथा, गावची यात्रा. घडी घालून जॅकेटच्या खिशात मावतो. वजन २४९ ग्रॅम, आणि हा आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आहे. त्यात योगायोग काही नाही. बऱ्याच देशांनी कडक नियमांची रेघ २५० ग्रॅमवर ओढली, म्हणून कंपन्यांनी एक ग्रॅम राखून माल काढला. आपल्याकडेही २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात जातो. त्याला टाइप सर्टिफिकेट (म्हणजे मॉडेलला मिळणारी सरकारी मान्यता) लागत नाही, विम्याची सक्ती नाही. छंद म्हणून उडवायला वैमानिकाचं प्रमाणपत्र तर २ किलोपर्यंत लागत नाही.

दुकानदार इथेच थांबतो. "नॅनो आहे साहेब, काही लागत नाही." पण सूट कागदांची आहे, आकाशाची नाही. कुठे उडवायचं याचा नकाशा सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटर, परवानगीशिवाय उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते, त्याहून जवळ गेलात की पिवळा भाग, तिथे हवाई नियंत्रणाची परवानगी हवी. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाहीच. पुण्यात राहणाऱ्याने हा नकाशा एकदा तरी बघावा. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, शहरात जागोजागी लष्करी आस्थापना आहेत, आणि सिंहगडाच्या पायथ्याकडे खडकवासल्याला एनडीए आहे. रविवारी सोसायटीच्या गच्चीवरून ड्रोन सोडणाऱ्यांपैकी किती जणांनी हा नकाशा उघडलेला असतो, मला शंका आहे. मुंबईकरांनी तर पोलिसांचे मनाई आदेशही तपासावेत, ते वरचेवर निघतात आणि त्यांत ड्रोनचं नाव असतंच.

आता यंत्राबद्दल. कागदावर एका बॅटरीत ३१ मिनिटं लिहिली आहेत. ती वारा नसताना. प्रत्यक्षात २२-२३ मिनिटांनंतर मी उतरवतोच, कारण बॅटरी पाव भाग उरली की माझं लक्ष चित्रात राहत नाही. खरा कस वाऱ्यात लागतो. पावसाळ्यात नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की कोकणातून वर येणारा वारा अंगावर आदळतो, धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं. हे दृश्य टिपायला अर्धा महाराष्ट्र तिथे येतो, आणि तिथेच हलके ड्रोन जातात. एका पोराचा ड्रोन माझ्यादेखत गेला. कड्याच्या आडोशाला हवा शांत वाटत होती, त्याने वर घेतला, कड्याची रेषा ओलांडली आणि ड्रोन घाटमाथ्याकडे तिरपा सरकायला लागला. रिमोटवर ‘जोराचा वारा’ असा इशारा येत होता, पोरगा काडी पुढे दाबून धरत होता, ड्रोनचं तोंड त्याच्याकडे आणि अंतराचा आकडा मात्र वाढतोय. शेवटी धुक्यात चित्र गेलं. खाली त्या वेळी गर्दी होती. कुणाच्या डोक्यात पडला नाही एवढंच. पाव किलोच तर आहे, असं म्हणणाऱ्यांना सांगतो, स्पोर्ट मोडमध्ये हा ताशी ५७-५८ किलोमीटर वेगाने जातो आणि त्याची पाती कडक प्लास्टिकची असतात.

पाती दर काही उड्डाणांनंतर नखाने चाचपून बघा. कडेला बारीकशी खाच दिसली तरी बदला, इवलासा स्क्रू ड्रायव्हर सोबत मिळतो. खाच पडलेल्या पात्याने आधी चित्रात थरथर येते, मग आवाज बदलतो, आणि तोवर उशीर झालेला असू शकतो.

आमच्याकडच्या लोकांसाठी एक खास सूचना, उसावर खाली उतरवू नका. पोटाखालचे सेन्सर शेंड्यांनाच जमीन समजतात, पानं वाऱ्याने हलतात, ड्रोन गोंधळतो आणि पाती पाचटात अडकून आत कोसळतो. मोबाईलवर जागा दाखवतो, शिट्टी पण वाजवता येते, पण जुन्नरच्या उसात शिरून काही शोधायचं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. शेजारच्या गावातल्या एकाचा ड्रोन तिन्हीसांजेला उसात पडला. बिबट्याच्या भीतीने रात्रभर तो तिथेच, सकाळी चौघे काठ्या घेऊन आणि डबे वाजवत आत गेले. शेततळ्यावरही तोच घोळ. चकाकणाऱ्या पाण्यावर खालच्या कॅमेऱ्याला आधार सापडत नाही, त्यामुळे पाण्याला लागून उडवायचे प्रयोग नकोत. बाजूला बघणारे सेन्सर या मॉडेलला नाहीतच, म्हणजे तार, टॉवर, माड, सगळं आपणच बघायचं. ‘घरी परत’चं बटण दाबलं की तो आपण ठरवलेल्या उंचीवरून सरळ रेषेत येतो. ती उंची गावातल्या सगळ्यात उंच टॉवरपेक्षा जास्त ठेवलेली असावी.

शिवनेरीवर मी उडवत नाही. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, परवानगी लागते. आणि कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. माश्या उठल्या तर ड्रोनवाला पळेल, पायऱ्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांनी कुठे पळायचं? खोडदच्या बाजूलाही जात नाही. तिथे आणि आजूबाजूच्या परिसरात पसरलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणारे अतिक्षीण रेडिओ संदेश टिपत बसलेल्या असतात, आणि आपला ड्रोन म्हणजे रेडिओवर चालणारं यंत्र. कायदा काय म्हणतो ते बाजूला ठेवा, बरं दिसत नाही. घारी मागे लागतात तेव्हा सरळ वर घ्यायचा आणि लगेच तिथून निघायचं. वीण असेल तर त्या भागात पुन्हा जायचंच नाही.

हे झालं यंत्राचं. ज्यासाठी हे लिहायला बसलो ते पुढे आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, पुढे नगर आणि मराठवाड्याकडेही, रात्री आकाशात ड्रोन फिरतात अशी बोलवा झाली. चोर घरं हेरतात असं लोक म्हणायला लागले. गावोगाव पोरं बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन गस्त घालत होती. पोलीस सांगत होते की चोऱ्यांशी याचा संबंध दिसत नाही, पण अंधारात लुकलुकता दिवा दिसला की कोण ऐकतंय. विमानाच्या दिव्याकडे बोट दाखवून भांडणारे मी स्वतः पाहिले. त्याच दिवसांत आमचे पोलीस पाटील घरी आले. चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले, आणि उठताना म्हणाले, "तुझ्याकडं आहे ना ते यंत्र?" आहे म्हटलं. "तू नाहीस ते मला माहितीये. पण रात्री कुणी दगड उचलला, तर ड्रोनला मारील का उडवणाऱ्याला?"

त्यानंतर सूर्य मावळला की मी ड्रोन काढत नाही, आणि शेतावर उडवायचा तर आधी आजूबाजूच्या वस्तीवर फोन करतो. हा नियम कुठल्या राजपत्रात नाही. पण मला तो ४०० फुटांच्या नियमाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

दुसरा प्रसंग शेजारच्या काकूंचा. कांद्याच्या वाफ्यांचे फोटो काढून ड्रोन खाली घेत होतो, काकू बांधावर येऊन उभ्या राहिल्या. "किती लांबचं दिसतं रे यात?" मी कौतुकाने मोबाईल दाखवला. ४० मीटरवरून त्यांचं अंगण दिसत होतं: तुळस, वळणीवरचे कपडे, खाटेवर कोण बसलंय. चेहरा ओळखू येत नाही, पण घरच्या माणसाला माणूस बरोबर कळतो. काकूंनी बोट सरकवून चित्र मोठं केलं, नातवाकडून शिकल्या असाव्यात, आणि म्हणाल्या, "आमच्या मोरीला वरून छप्पर नाही, माहितीये ना तुला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ड्रोन नियमांकडेही नाही. त्यांत उंची आहे, अंतर आहे, वजन आहे, पण खासगीपणाबद्दल हाताशी लागेल असं फारसं काही नाही. बाईचं चोरून चित्रण केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे, ते गुन्हा घडल्यावरचं. खाली उभ्या असलेल्या माणसाला वरचा कॅमेरा चालू आहे की बंद, हे कळायला मार्गच नाही. त्याला फक्त भुणभुण ऐकू येते. ‘मी काही तसलं काढत नाही’ हे आपल्याला माहीत असतं, त्याला नसतं. हल्ली मी कॅमेरा आधी आडवा शेताकडे फिरवून मगच वस्तीच्या बाजूने उतरवतो, आणि कुणी मागितलं तर चित्रण दाखवतो. तरीही काकू ड्रोनचा आवाज आला की आत जातात. त्यांचं बरोबरच आहे.

हिरव्या भागात आहोत म्हणून वर कुणी नसणार, हाही एक भ्रम. निवडणुकीच्या दिवसांत शाळेच्या मैदानावर चुना टाकून हेलिपॅड तयार होतं. अलीकडे नवरदेवही हेलिकॉप्टरमधून उतरतात. हेलिकॉप्टर उतरताना आपल्याच ४०० फुटांत येतं. नियमांत यासाठी सोय आहे: पोलीस अधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी ९६ तासांपर्यंत एखादा भाग तात्पुरता लाल करू शकतो. म्हणून नकाशा महिन्यापूर्वी पाहिलाय हे पुरत नाही, उडवायच्या दिवशी बघावा लागतो. लॉस एंजेलिसच्या वणव्यात ९ जानेवारी २०२५ ला काय झालं ते आठवा. आग कुठवर आली ते बघायला एकाने सांता मोनिकातल्या पार्किंगच्या इमारतीवरून छोटा ड्रोन सोडला. तो अडीच किलोमीटरहून लांब गेला, नजरेआड झाला, आणि आगीवर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या डाव्या पंखावर आदळला. पंखाला सुमारे ३ बाय ६ इंचांचं भोक पडलं. कॅनडातल्या क्विबेकहून आणलेलं ते विमान ऐन आगीत जमिनीवर बसलं. त्या माणसाला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. तो बघायला गेला होता, जसे आपण सगळेच जातो.

म्हणून ‘खेळणं आहे, नियम कशाला’ हा सूर मला पटत नाही. पण दुसऱ्या टोकाचंही पटत नाही. मार्च २०२१ मध्ये आलेल्या आधीच्या नियमांत २५ फॉर्म आणि ७२ प्रकारची शुल्कं होती. ऑगस्टमध्ये ती ५ आणि ४ वर आणली, तेव्हा कुठे सामान्य माणसाला ते वाचण्याची हिंमत झाली. २०२५ च्या नागरी ड्रोन विधेयकाच्या मसुद्यात पुन्हा तुरुंगवासाची भाषा आहे. बारावीतल्या पोराने गच्चीवरून ड्रोन उडवला म्हणून त्याला गुन्हेगार करून काय साधणार? मला विचाराल तर खोक्यातच मराठीत एक पान असावं, आणि ड्रोन पहिल्यांदा चालू करताना दहा प्रश्नांची चाचणी असावी, नापास तर पाती फिरणार नाहीत. कोर्स नको, फी नको.

कडकपणा हवाच असेल तर तो लग्नाच्या मांडवात दाखवा. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर प्रमाणपत्र लागतं. आमच्याकडे फवारणीचा ड्रोन चालवणाऱ्या बाईंकडे ते आहे, लॅमिनेट करून ठेवलंय, आणि त्या उडवताना शेतात कुणाला येऊ देत नाहीत. हळदीत नाचणाऱ्या शंभर माणसांच्या डोक्यावर, डीजेच्या तारांमधून ड्रोन नेणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही. गेल्या यात्रेत कमिटीने मला पालखीचं वरून चित्रण मागितलं. मी देवळाच्या बाजूच्या रानातून, तिरपं काढून देतो म्हटलं. त्यांना गुलालात न्हालेली गर्दी थेट वरून हवी होती, म्हणून त्यांनी दुसरा माणूस आणला. व्हिडिओ छान आलाय, गावाच्या ग्रुपवर अजून फिरतोय.

घ्यावा की नाही? फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा सोडून. तरी बाजारात ‘आणून देतो’ म्हणणारे भेटतात. पक्कं बिल नाही, वॉरंटी नाही, बिघडला की कुणाच्या दारात जायचं ते माहीत नाही. त्यापेक्षा भारतीय बनावटीचा बघा, कॅमेऱ्यात थोडं कमी मिळालं तरी चालेल, सुटे भाग आणि बॅटरी मिळते का ते घेण्याआधी विचारा. बॅटरी निम्म्यापेक्षा थोडी जास्त भरलेली ठेवायची, उन्हातल्या गाडीत नाही, आणि विमानाने जाताना हातातल्या बॅगेत. फुगलेली दिसली की चार्जिंगला लावायची नाही. माझ्या तीनपैकी एक यंदा मार्चमध्ये फुगली, ती बाद केली, आणि नवी अजून मिळालेली नाही.