सुऱ्या तीन, दगड एक: अकरा महिन्यांनंतर

सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले आणि विळी माळ्यावर गेली, तेव्हा आमच्या घरात धड एकही सुरी नव्हती. प्लॅस्टिकच्या मुठीच्या तीन-चार होत्या, पण टोमॅटोवर ठेवली की आधी तो दबायचा, मग कुठे साल फाटायची. शेवटी नीट चौकशी करून तीन सुऱ्या आणि धार लावायचा एक दगड घेतला. घरात पाच माणसं, दोन वेळचा स्वयंपाक, आठवड्यातून दोनदा मासे. अशा रोजच्या रगाड्यात अकरा महिने वापरल्यावर हे लिहिते आहे.

पहिली ८ इंची शेफ नाइफ. जर्मन पद्धतीचं स्टेनलेस, म्हणजे साधारण अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम. रॉकवेल मापावर कठीणपणा ५६च्या आसपास, म्हणजे सुऱ्यांच्या मानाने मऊच. दुसरी जपानी सांतोकू, पातं १६५ मिलिमीटर, व्हीजी-१० पोलाद, कठीणपणा ६०च्या वर. तिसरी आठवडी बाजारात घिसाड्यांकडून घेतलेली साधी लोखंडी सुरी, दीडशे रुपयांची.

सांतोकूने पहिले पाच महिने मला अक्षरशः वेड लावलं. कांदा इतका पातळ उतरायचा की फळीचा रंग आरपार दिसावा. कोथिंबीर चिरून अर्धा तास ठेवली तरी कडा काळ्या पडत नव्हत्या, कारण पानं चिरडली जातच नव्हती. डोळ्यांतलं पाणीही कमी झालं. बोथट सुरीने कांदा ठेचला जातो, तो झोंबणारा रस बाहेर पडतो आणि आपण कांद्याला नावं ठेवतो.

मग एप्रिलमध्ये गोडा मसाल्यासाठी सुक्या खोबऱ्याच्या वाटीचे काप करायला तीच घेतली. पातं अर्ध्यावर अडकलं. सोडवायला मूठ जराशी पिळली आणि ‘कट्’ असा बारीक आवाज आला. धारेतून अर्ध्या मोहरीएवढा टवका उडाला होता. फार वाईट वाटलं. पण यात सुरीचं वैगुण्य नाही. कठीण पोलाद धार जास्त दिवस धरतं, पण ठिसूळ असतं, आणि बारीक धारेला आडवा ताण सोसत नाही. आपल्या स्वयंपाकात सुकं खोबरं, सुरण, लाल भोपळा, सुरमईचा मधला काटा हे सगळं येतंच. त्या कामाला मऊ पोलादच हवं. शेफ नाइफची धार अशा वेळी फार तर थोडी वळते, आणि वळलेली धार पाच मिनिटांत सरळ होते. टवका दगडावर झिजवून काढायला मात्र मला दोन रविवार लागले.

लोखंडी सुरीला तिचे नियम आहेत. कैरी चिरून तशीच ठेवली की पातं काळं पडतं आणि फोडींनाही लोखंडाचा वास लागतो. लगेच धुवायची, पुसायची, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. फणस किंवा केळफूल असलं की सासूबाई अजूनही आतून सांगतात, “अगं, आधी पात्याला तेल लाव.” चीक मग चिकटत नाही. धार मात्र तिला तिघींत सर्वांत लवकर लागते.

आता धारेबद्दल, कारण माझ्या मते विकत घेताना सगळा विचार सुरीचा होतो आणि दगडाचा होतच नाही. पूर्वी मी एक सुरी रस्त्यावर चाकावर धार लावणाऱ्याकडे दिली होती. ठिणग्या उडत होत्या, मजा वाटली. घरी आल्यावर टोकाशी निळसर झाक दिसली. सासूबाई म्हणाल्या, “पाणी उतरलं हिचं.” अगदी बरोबर होतं. कोरड्या चाकावर पातं तापतं आणि लोहाराने दिलेलं पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, जातं. त्या टोकाला पुढे धार टिकलीच नाही.

माझा दगड दुहेरी आहे, एका बाजूला ४०० ग्रिट, दुसरीला १००० (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितके दगडाचे कण बारीक). टवका नसेल तर १०००चीच बाजू पुरते. दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवते, खाली ओलं फडकं. खरी अडचण कोनाची. जपानी सुरीला प्रत्येक बाजूने सुमारे १५ अंश, जर्मन पद्धतीच्या सुरीला २०. अंश डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून मी उंची धरते: पातं ४५ मिलिमीटर रुंद असेल तर १५ अंशांसाठी पाठ दगडापासून १२ मिलिमीटर उचलायची, २०साठी १५. माझ्या करंगळीचं टोक पाठीखाली जेमतेम शिरलं की सांतोकूचा कोन जमला. सुरुवातीला धारेवर काळ्या मार्करची रेघ ओढायची. चार हात फिरवून बघितलं की शाई कुठे गेली आणि कुठे राहिली ते कळतं. माझी नेहमी टोकाशी राहायची, कारण तिथे पातं वळतं आणि मनगट थोडं उचलावं लागतं.

एका बाजूने घासत गेलं की दुसऱ्या बाजूला बारीक खरखरीत कड येते. डोळ्यांना दिसत नाही, पण पाठीकडून धारेकडे अंगठा हलकेच सरकवला की लागते. ती पूर्ण लांबीभर आल्याशिवाय बाजू बदलायची नाही. दोन्हीकडून झालं की न्हावी वस्तरा फिरवतो तशी जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ठेवून, दहा-बारा वेळा ओढायची.

धार टिकावी म्हणून काचेची फळी मी काढूनच टाकली, आता लाकडीच वापरते. धुतलेल्या सुऱ्या डाव-झाऱ्यांत टाकत नाही.

एकच घ्यायची असेल तर मऊ स्टेनलेसची ८ इंची घ्या आणि उरलेले पैसे दगडात घाला. मी तिला पंधरा दिवसांनी दगडावर घेते, वीस मिनिटांचं काम. सांतोकू ठेवली आहे, पण कांदा, पालेभाजी आणि कोशिंबिरीपुरती.

दगड मात्र मधून खोलगट झाला आहे. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखून ठेवल्या आहेत. रविवारी लादीवर २२० नंबरचा सँडपेपर अंथरून, शेवटची रेघ पुसली जाईपर्यंत घासायचा आहे.