घरातल्या ऑफिससाठी नवं वायरिंग: ठाण्यातल्या नौपाड्याच्या वायरमनकाकांचं काम

मी घरून जीएसटीची कामं करते. 18 ते 20 तारखेला लेझर प्रिंटर दिवसभर चालतो. आमची बिल्डिंग जुनी, ट्यूब, पंखा आणि रेडिओच्या काळातली. खोलीत सॉकेट एकच, 6 अँपिअरचं. त्यात मल्टीप्लग, मल्टीप्लगला एक्स्टेन्शन बोर्ड, आणि त्या बोर्डाला आणखी एक बोर्ड. किटलीचा प्लग मोठ्या पिनांचा, म्हणून त्याला कन्व्हर्टर लावलेला.

मार्चमध्ये एका सकाळी सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "अगं, काहीतरी जळतंय." मेन स्विच बंद करून मल्टीप्लग ओढला, तर पिनेला बोट लावता येईना. सॉकेटचं एक भोक तपकिरी पडून वाकडं झालं होतं.

गोखले रोडजवळच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातून या काकांचा नंबर मिळाला. यायला दोन दिवस उशीर केला आणि तसा फोनही केला नाही, हे मला आवडलं नाही. पण आल्यावर हत्यारांची पिशवी बाजूला ठेवून आधी प्रत्येक वस्तूमागचं लेबल वाचलं. लॅपटॉप, दोन मॉनिटर आणि राउटर मिळून दीडशे वॅट. प्रिंटर छापताना 500. इस्त्री 1000, किटली 1500. पाकिटाच्या मागे बेरीज मांडली: 3150 वॅट, भागिले 230 व्होल्ट, म्हणजे जवळपास 14 अँपिअर. "आणि हे सॉकेट सहाचं, ताई. 1380 वॅटच्या पुढे त्याच्याकडून मागायचंच नाही."

मग डीबी, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइनींचे स्विच असलेली पेटी, उघडली आणि गप्पच झाले. वर्षभरापूर्वी एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) सारखा पडायचा, तेव्हा दुसऱ्या एका इलेक्ट्रिशियनने 10 अँपिअरचा काढून 32 चा टाकला होता. त्यानंतर एकदाही पडला नाही, म्हणून मी खूश होते. "आत एकची, म्हणजे एक चौरस मिलिमीटरची बारीक वायर आहे. 32 चा पडायच्या आधी ही जळेल," काका म्हणाले आणि स्विचबोर्डमागची वायर जराशी वाकवून दाखवली. तिचं इन्सुलेशन वाळलेल्या सालीसारखं गळून पडलं. हे ऐकून मला खरंच घाम फुटला. त्या खोलीत माझी मुलगी झोपते.

काकांनी डीबीपासून अडीचची कॉपर वायर पट्टीतून वेगळी ओढली, तिला स्वतःचा 16 चा एमसीबी दिला, टेबलाजवळ 16 अँपिअरची दोन सॉकेट बसवली आणि अर्थिंग तपासलं. जुन्या लाइनीवर पुन्हा 10 चा एमसीबी आला. तिच्यावर आता फक्त दिवा आणि पंखा आहे. मी महागडा स्पाइक गार्ड (व्होल्टेजच्या झटक्यांपासून वाचवणारा बोर्ड) आणून ठेवला होता, तो बघून म्हणाले, "परत करा. त्याने लाइनीची ताकद वाढत नाही." त्याऐवजी फ्यूज असलेला साधा बोर्ड सुचवला, तोही थेट भिंतीतल्या सॉकेटला लावायचा, बोर्डाला बोर्ड जोडायचा नाही.

सामानासकट 5,200 रुपये झाले, दुकानाची पावती हातात दिली. भिंतीतली भोकं मात्र तशीच ठेवून गेले, ती आम्हीच पुट्टी भरून बुजवली.

एप्रिलच्या 20 तारखेला प्रिंटर चार तास चालला. मधूनमधून प्लगला हात लावून बघत होते. गार होता. किटली आणि इस्त्री आता स्वयंपाकघरातल्या 16 च्या पॉइंटवर, एका वेळी एकच.