स्प्लेंडर २००६, एमएच २२ : घरी केलेल्या कामांचा पावसाळ्यानंतरचा अनुभव

गाडीचा पिकअप वाढला का, असं जो तो सगळ्यात आधी विचारतो. नाही वाढला. ९७.२ सीसीचं इंजिन आहे, ते तेवढंच ओढणार. बोअर वाढवलं नाही, कॅम बदलला नाही, सायलेन्सरला हात लावला नाही. पाडव्याच्या सुमारास कामं सुरू केली, आणि सोयाबीन निघून कापसाची वेचणी चालू झाली तरी गाडी रोज वापरात आहे. त्यावरून एवढं खात्रीनं सांगतो की १०० सीसीच्या जुन्या गाडीवर पैसे घालायचेच असले तर ते उजेडावर, ब्रेकवर आणि चालताना गाडी नीट बसते का त्यावर घाला. वेगावर घातलेले पैसे परभणी-जिंतूर पट्ट्यात वसूल व्हायला रस्ताच नाही.

गाडी स्प्लेंडर प्लस. टाकीवर अजून ‘हीरो होंडा’ लिहिलेलं आहे. डिसेंबर २०१० मध्ये दोन्ही कंपन्यांनी वेगळं व्हायचं ठरवलं, त्याच्या आधीचा माल. दादांनी कापसाच्या पैशातून घेतलेली. आता माझ्याकडं, म्हणजे आठवडाभर परभणीत ऑफिसला आणि सुटीच्या दिवशी गावाकडं. गावात गेली की ती परत दादांची. शेतातल्या पाण्याच्या मोटारीला थ्री फेज करंट रात्रीचा असला की रात्री दहाला शेतात जायचं, आणि सगळी कथा तिथूनच सुरू होते.

त्या काळच्या बहुतेक १०० सीसी गाड्यांसारखा हिचाही हेडलाइट थेट मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या, एसी करंटवर चालतो. बॅटरी फक्त हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाइटपुरती. त्यामुळं रेस असेल तेवढाच उजेड. मोकळ्या रस्त्यावर ठीक आहे. पण खड्डा आला, गाडी हळू केली, की नेमका तिथंच उजेड बसतो. पांदीच्या रस्त्यानं पहिल्या गिअरमध्ये जाताना तर क्लच धरून रेस देत पुढचं बघावं लागायचं. यावर लोक काय करतात, तर बाजारातला झगझगीत एलईडी बल्ब आणून ठोकतात. एसीवर तो लुकलुकतो नाहीतर लवकर उडतो. जिंतूर रोडचे आमचे मेकॅनिक चाचा एका वाक्यात सांगून गेले, “भाऊ, बल्ब कितीबी भारी टाका, मागून करंटच नाही तर तो काय घरून आणणार का?”

तर काम बल्बचं नव्हतंच, मागच्या करंटचं होतं. मॅग्नेटच्या आतल्या लाइटिंग क्वाइलचं एक टोक मूळ रचनेत क्वाइलच्या लोखंडी गाभ्यालाच डाग देऊन अर्थ केलेलं असतं. म्हणून करंटची अर्धीच लाट बॅटरीत जाते. ते टोक गाभ्यापासून सोडवायचं, त्याला वेगळी वायर जोडून बाहेर काढायची आणि दोन्ही टोकं चार वायरच्या फुल वेव्ह रेक्टिफायरला द्यायची. मग दोन्ही लाटा कामाला येतात, सगळा करंट डीसी होऊन बॅटरीत जातो आणि हेडलाइट बॅटरीवरून रिलेनं चालतो. सांगायला सोपं. करताना वेळ खाल्ला तो त्या एका डागानं. गाभा उष्णता ओढून घेतो, रेडिओ दुरुस्तीच्या २५ वॅटच्या सोल्डरिंग गननं डाग हलतसुद्धा नाही. जाड टोकाची ६० वॅटची लागली. तारेवरचा इनॅमल ब्लेडनं हळूच खरवडायचा, तार केसासारखी तुटते. जोडावर स्लीव्ह, स्लीव्हवर अराल्डाइट, आणि वायर गाभ्याला घट्ट बांधून टाकायची, कारण शेजारीच मॅग्नेट फिरतंय. मॅग्नेट काढायला पुलरच वापरा. हातोडी आणि पेचकस घालून उचकटणारे पाहिलेत. त्यात क्रँकच्या आट्या जातात.

त्याच प्लेटवर एक बारीक तारेची, जास्त गुंडाळ्यांची क्वाइल असते. ती सीडीआयला, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या डबीला, करंट देते. तिला अजिबात हात लावायचा नाही. तिच्यामुळंच बॅटरी पूर्ण बसली तरी ही गाडी किकवर सुरू होते, आणि शेतात उभ्या केलेल्या गाडीला दुसरं काय पाहिजे.

नवा रेक्टिफायर फ्रेमच्या पत्र्याला टेकवून, हवा लागेल असा बसवला. बॅटरीच्या प्लसवर १० अँपिअरचा फ्यूज. मल्टीमीटर लावला तर रेस दिल्यावर बॅटरीवर १४.२ व्होल्ट. आयडलवर १२.६, म्हणजे गाडी नुसती उभी ठेवून लाइट चालू ठेवला तर बॅटरी खर्च होते. आपल्याकडं सिग्नल किती आहेत ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळं मला अडचण आली नाही. पण संभाजीनगरला जालना रोडनं रोज जाणाऱ्यानं याचा विचार करावा.

आता बल्ब. आधी एलईडी लावला होता, पंखावाला. पावसाळ्याच्या तोंडाला त्या पंख्यात धूळ बसून तो बंद पडला, आणि मग बल्ब गरम होऊन उजेड निम्म्यावर आला. कुठल्या कंपनीचा ते महत्त्वाचं नाही, पंख्याचे बहुतेक तसेच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या हेडलाइटचा रिफ्लेक्टर तारेच्या बल्बसाठी बनवलेला आहे. एलईडीची चिप त्या तारेच्या नेमक्या जागी येत नाही, मग उजेड झाडाच्या शेंड्यावर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. रस्त्यावर मात्र पांढरट ठिपका पडतो. म्हणून परत मूळचा ३५/३५ वॅटचा हॅलोजन लावला. स्थिर डीसीवर तोच जुना बल्ब असा काही लागतो की आधी याच्यावर का वैतागत होतो असं वाटावं. धुळीत आणि पावसात पिवळा उजेड रस्ता जास्त दाखवतो, हे माझं मत. पांढऱ्याची हौस असणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. दादांचं म्हणणं वेगळंच : “लाइट आधीबी चांगलीच व्हती की. तुलाच शहरात राहून कमी दिसाया लागलं.”

हे सगळं करूनही एक दिवस अचानक उजेड मंद व्हायला लागला. रेक्टिफायर गेला असं कुणीही म्हणेल. पण मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं फ्रेमवर ठेवलं, तर लाइट चालू असताना जवळजवळ पाऊण व्होल्ट तिथंच हरवत होता. टाकी काढली. टाकीखाली जिथं हिरव्या वायरचं अर्थ टर्मिनल फ्रेमला बोल्टनं कसलेलं असतं, तिथं बोल्टाच्या खाली निळसर-हिरवी पूड आणि तिच्याखाली रंगाचा थर. १० नंबरच्या पान्यानं खोललं, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, टर्मिनल नवीन लावलं, वरून पेट्रोलियम जेली. बॅटरीपासून फ्रेमला एक जाड वायर वेगळी टाकली. याला वीस-तीस रुपये लागले असतील. जुनी गाडी हातात आली की इतर काहीही करायच्या आधी हे करा, मग बाकीचं ठरवा. निम्मी ‘बिघडलेली’ पार्टं बदलावीच लागणार नाहीत.

ब्रेकबद्दल. मित्रांचा आग्रह पुढं डिस्क बसवायचा होता. त्यासाठी कॅलिपर बसेल असा फोर्कचा पाय, डिस्कचा हब, मास्टर सिलिंडर, होज, सगळंच बदलावं लागतं. भंगारातून आणलं तर ते किती वाकलंय कोण बघणार? मी ड्रमच ठेवला. ड्रम टर्निंगला दिला, म्हणजे लेथवर आतून सारखा करून घेतला, चांगल्या कंपनीचे शू, नवी केबल, आणि ब्रेकचा कॅम काढून साफ करून ग्रीस. एक बारकावा बरेच मेकॅनिकसुद्धा सोडून देतात. ब्रेक पूर्ण दाबल्यावर ड्रमवरचा आर्म आणि केबल यांच्यात साधारण काटकोन आला पाहिजे, तिथं जोर सगळ्यात जास्त बसतो. आर्म दाताच्या खाचेवर एक घर फिरवून लावला की फरक लिव्हरवर कळतो. आज ब्रेक डिस्कसारखा लागत नाही, पण भरवशाचा लागतो. ओढ्यातून गाडी काढली की मात्र दोन-चारदा हलका दाबून ड्रम वाळवावाच लागतो. यंदा सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात ती सवयच लागली.

कोनसेट (हँडलचं बेअरिंग) आणि आर्म बुश (मागचं चाक धरणाऱ्या आर्मचे) याबद्दल कुणी उत्साहानं बोलत नाही, पण गाडी नवी वाटायला लागली ती त्यांनी. हँडल सरळ धरल्यावर मधोमध किंचित अडकल्यासारखं वाटायचं, म्हणजे कोनसेटच्या वाटीत गोळ्यांचे खड्डे पडलेले. सुट्या गोळ्यांऐवजी टेपर रोलरचा सेट बसवला. आर्मचे बुश बदलल्यावर वळणावर मागचं चाक वेगळ्या मतानं चालायचं थांबलं. फोर्कचं ऑईल आणि सील यांचं विशेष सांगण्यासारखं काही नाही, बदलले, गळती थांबली.

मागचे शॉकअप गॅसचे घेतले. यावर माझं मत अर्धंच चांगलं आहे. युरियाची ४५ किलोची गोणी आणि मागं माणूस असेल तर गाडी पूर्वीसारखी बसत नाही, मडगार्डला टायर घासत नाही. एकट्यानं चालवताना मात्र कंबर सांगते. स्प्रिंग सगळ्यात मऊ खाचेवर ठेवूनही. रोज एकट्यानं जाणाऱ्यानं साधे कंपनीचे घ्यावेत, पैसेही वाचतात.

टायर मागं २.७५-१८ च्या जागी ३.००-१८ टाकला. रिम तीच चालते, चेन कव्हरला लागत नाही. स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालतो, त्यामुळं काट्यात फरक नाही. फक्त तेवढ्याच रेसवर गाडी किंचित जास्त अंतर कापते. खडीवर आणि ओल्या डांबरावर पकड खरंच सुधारली. पण काळ्या रानाचा हिशेब वेगळा. जुलैमध्ये शेतात घातली तर टायर आणि मडगार्ड यांच्यातली जागा आधीच कमी झालेली, तिच्यात चिकट माती अशी भरली की चाक जागच्या जागी थांबलं. काडीनं उकरून काढायची, पुढं दहा पावलं, परत तेच. अरुंद टायरला हे कमी होतं. ज्याचं काम रस्त्यापेक्षा रानात जास्त, त्यानं ३.०० च्या नादी लागू नये. मी पुढचा टायर म्हणूनच जुन्याच मापाचा ठेवलाय.

पेट्रोलचं काय झालं ते सांगतो, कारण आता ते टाळता येत नाही. पंपावर सगळीकडं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. आपल्याच लातूर-धाराशिवच्या उसाचं इथेनॉल आपल्याच टाकीत येतं, आणि आपलीच नळी खातं. २००६ ची रबरं त्याच्यासाठी बनलेली नव्हती. टाकीपासून कार्बोरेटरची नळी आधी फुगून मऊ पडली, नंतर टोकाला चिरली. कार्बोरेटरच्या वाटीचं पॅकिंग फुगून परत खाचेत बसेना. नळी इथेनॉलला टिकणारी घेतली, कार्बोरेटरचा रबर किट बदलला. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळं जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं, प्लग पांढुरका यायला लागला होता. कार्बोरेटरच्या सुईवरचं लॉक एक खाच खाली घेतलं, म्हणजे सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल थोडं जास्त येतं. आता प्लग विटकरी रंगाचा येतो आणि सकाळी चोकशिवाय आयडल धरते. अॅव्हरेज? नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अशा जुन्या दुचाकींना ३ ते ४ टक्के घट धरली होती. मला त्याहून थोडी जास्त वाटते, पण मी टायरही बदललाय, सगळा दोष इथेनॉलवर टाकणं बरोबर नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ तरी भरा नाहीतर रिकामी तरी करा. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि पाणी टाकीच्या तळाला जमतं.

इंजिनात फक्त नेहमीचं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनवर ०.०५ मिलिमीटर, प्लगचा गॅप ०.६ ते ०.७. आधी टॅपेट कानानं सेट व्हायचे, फीलर गेजनं केल्यावर आवाजही कमी आणि किकही हलकी. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर मात्र वरची यादी बाजूला ठेवा आणि आधी बोअर-पिस्टन बघा. धुराच्या गाडीला चांगला उजेड देऊन उपयोग नाही.

सुटे भाग सगळे मिळून नव्या गाडीच्या किमतीच्या सातव्या-आठव्या हिश्श्यात बसले. मजुरी फक्त टर्निंगची आणि टायरची.

कागदांचं असं. १५ वर्षं २०२१ मध्ये भरली तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी केलं होतं, म्हणजे २०२६ ला परत परभणीच्या आरटीओत उभं राहायचं. २० वर्षांवरच्या दुचाकीची फी ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये झाली आहे, पर्यावरण कर त्याहून वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणं आरसीवर लिहिलेल्या गोष्टी आणि गाडी यांच्यात फरक पडेल असा बदल चालत नाही, म्हणून इंजिन, चासी, रंग, कशालाच हात नाही. नंबर प्लेट हाय सिक्युरिटीची करून घेतलीय. तपासणीला जाताना मागचा टायर २.७५ चा चढवून नेणार आहे. वायरिंग, ब्रेक आणि हेडलाइटची उंची तिथं कुणीही कशीही तपासावी.