ख्रिस्ती विद्यापीठातून अकाउंटिंगचं मास्टर्स: चौदा महिने, सात कोर्स आणि एक कॅल्क्युलेटर

हे खरं तर डिग्री हातात पडल्यावर लिहायचं होतं. पण गेल्या महिन्यात ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगच्या फायनलला चाळिसाव्या मिनिटाला स्क्रीन काळी झाली आणि 'अनधिकृत उपकरण आढळले' अशी पाटी झळकली. तेव्हा म्हटलं, आता आधी लिहिते, डिग्री मागून येऊ दे.

उपकरण म्हणजे माझा सिटिझनचा बारा आकडी कॅल्क्युलेटर. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी बाबांनी नगरच्या कापड बाजारातून आणलेला. अस्सल की नक्कल ते आजतागायत कळलेलं नाही, पण नगरहून पुणे आणि पुण्याहून अमेरिकेतलं ओहायो असा प्रवास करून तो अजून चालतो. त्यावर माझी बोटं न बघता फिरतात. नग गुणिले दर, बरोबर. पुढचा नग गुणिले दर, बरोबर. आणि शेवटी जीटी दाबलं की सगळ्या ओळींची बेरीज समोर. ज्यांनी कॉमर्स केलंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल, पण विषय परत येणार आहे.

आता मूळ मुद्दा. ऑगस्ट 2024 पासून मी इथल्या एका ख्रिस्ती विद्यापीठातून ऑनलाइन मास्टर्स करतेय. दहा कोर्स, तीस क्रेडिट, आठ-आठ आठवड्यांच्या टर्म. क्रेडिटला साडेपाचशे डॉलर. वर प्रत्येक कोर्सला साठ डॉलर 'टेक्नॉलॉजी फी', म्हणजे ज्या टेक्नॉलॉजीने मला परीक्षेतून हाकललं तिचंच भाडं. आतापर्यंत सात कोर्स झाले, 11,970 डॉलर गेले. पुस्तकं धरलेली नाहीत, ती मी जुनी घेते आणि टर्म संपली की विकते.

ख्रिस्ती विद्यापीठच का? श्रद्धा वगैरे काही नाही, स्वस्त पडत होतं. सरकारी विद्यापीठाचा आकडा याच्या दुपटीच्या घरात जात होता, वर जीमॅट ही प्रवेशपरीक्षा मागत होते. माझं तीन वर्षांचं बी.कॉम. आणि बाहेरून केलेलं एम.कॉम. मिळून मूल्यमापनात 126 क्रेडिट भरले. सीपीएच्या, म्हणजे इथल्या सीएच्या, परवान्याला 150 लागत होते. उरलेल्या चोवीससाठी तीसची डिग्री घ्यायची, असा सरळ हिशेब होता.

इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर पहिला प्रश्न नेहमी हाच येतो, की अशी डिग्री 'चालते' का. विद्यापीठ ख्रिस्ती आहे की नाही, याला काही अर्थ नाही. मान्यता कुणाची आहे ते बघा. आमच्या भागात हायर लर्निंग कमिशनची मान्यता असेल तर प्रश्न मिटला. बिझनेस विभागाला वेगळी मान्यता असेल तर दुधात साखर. आणि प्रवेश घ्यायच्या आधी राज्याच्या अकाउंटन्सी बोर्डाकडून कोर्सची यादी तपासून घ्या, विद्यापीठाच्या विक्रीवाल्या मुलीकडून नव्हे. ती सगळ्यालाच 'ॲब्सोल्यूटली' म्हणते.

दुसरा प्रश्न दबक्या आवाजात येतो: बाटवतात का गं? मी नगरची. आमच्याकडे अमेरिकन मराठी मिशन एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि अहमदनगर कॉलेज 1947 साली ख्रिस्ती मंडळींनीच काढलं. त्यामुळे मला या प्रश्नाचं हसूच येतं. प्रत्यक्षात काय असतं, तर दर आठवड्याच्या धड्याआधी बायबलातल्या चार ओळी आणि त्यावर प्राध्यापकांचं पानभर चिंतन. चॅपेल, म्हणजे प्रार्थनासभा, फक्त कॅम्पसवरच्या मुलांना सक्तीची. एक कोर्स ख्रिस्ती व्यवसायनीतीचा, तो मात्र चुकत नाही. आणि वर्गाच्या ऑनलाइन चर्चा-फळ्यावर अधूनमधून एखाद्या वचनाचा विषयाशी संबंध जोडून अडीचशे शब्द लिहायचे. मी हिंदू आहे हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. उत्तर आलं, 'मग तुझ्याकडून नवीन काही ऐकायला मिळेल.' विषय संपला.

या अडीचशे शब्दांची मला सुरुवातीला चीड होती. क्रेडिटला साडेपाचशे मोजून मी वचनं का वाचू? ऑडिटिंगच्या कोर्सला ते मत बदललं. विषय होता बायबलातल्या लूकच्या सोळाव्या अध्यायातला कारभारी. मालक त्याला काढून टाकणार असतो, म्हणून तो मालकाच्या कुळांना बोलावतो. शंभर माप तेल देणं असेल तर म्हणतो, पन्नास लिही. शंभर माप गहू असेल तर ऐंशी लिही. म्हणजे सरळसरळ येणे रकमेच्या कागदांत फेरफार. आणि गंमत अशी, की मालक उलट त्याच्या हुशारीचं कौतुक करतो! यावर वर्गात जे जुंपलं, तसं एम.कॉम.ला दोन वर्षांत कधी जुंपलं नव्हतं. कुणी म्हणे त्याने स्वतःचं कमिशन सोडलं, कुणी म्हणे मालकच व्याज लपवत होता. मी विचारलं की मूळ कागद कुणाच्या ताब्यात होते. ताबा आणि नोंद एकाच माणसाकडे, मग दुसरं काय होणार?

मी हे नगरच्या मैत्रिणीला सांगितलं. तिच्या आईने मराठी बायबलातल्या त्या पानाचा फोटो पाठवला. तिथे तो 'अन्यायी कारभारी' आहे. मी तो शब्द नवऱ्याला ऐकवला आणि त्यालाही कारभारी म्हणायला सुरुवात केली. अशा गोष्टीला मराठी बायबलात 'दाखला' म्हणतात, असं मावशींनी वर कळवलं. आपण तहसील कचेरीत उभे राहतो तो दाखला वेगळा, हा फुकट मिळतो.

खरा फायदा झाला तो ना-नफा संस्थांच्या हिशेबाच्या कोर्समधून, आणि इथे मी जरा लांबवणार आहे. हा विषय इतर ठिकाणी दोन प्रकरणांत उरकतात. इथे शिकवणारे गृहस्थ आधी ऑडिट फर्ममध्ये होते आणि आता स्वतःच्या चर्चचे खजिनदार आहेत. त्यांनी दानाच्या पेटीपासून सुरुवात केली. रविवारची जमा एकट्याने मोजायची नाही, नात्यातल्या दोघांनी मिळूनही नाही. दोन परक्या माणसांनी एकत्र मोजायची, तिथेच सह्या करायच्या आणि बँकेत तिसऱ्याने भरायची. शिर्डी आमच्याच जिल्ह्यात, दानपेटीची मोजणी मला नवीन नव्हती. पण त्यामागे असा पायरीपायरीचा विचार असतो, हे कुणी शिकवलं नव्हतं.

मग आलं बंधन घातलेलं दान. कुणी सभागृहाच्या छपरासाठी पैसे दिले, तर त्यातून वीजबिल भरता येत नाही. ताळेबंदात ते 'देणगीदाराच्या अटीसह' या रकान्यात वेगळंच दिसायला हवं. मी फळ्यावर आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाबद्दल लिहिलं. वर्गणी घेतली महाप्रसादाच्या नावाने, खर्ची पडली डीजेवर, आणि पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती कधी जुळल्याच नाहीत. त्या नोंदीला सगळ्यात जास्त उत्तरं आली. टेक्ससमधल्या एकीने विचारलं, डीजे हा धार्मिक खर्च आहे का? मी म्हटलं, मंडळाच्या अध्यक्षांना विचार.

आपल्याकडे सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावे लागतात. इथे बाकीच्या ना-नफा संस्था दरवर्षी फॉर्म 990 हे विवरणपत्र भरतात, पण चर्चना त्यातून सूट. म्हणून 1979 मध्ये इव्हँजेलिकल पंथाच्या संस्थांनी ईसीएफए ही हिशेबांवर नजर ठेवणारी संस्था काढली. सभासद व्हायचं तर हिशेब उघडे ठेवायचे, पण व्हायची सक्ती नाही. आणि पाद्र्यांचा कर हे तर स्वतंत्र प्रकरण. तोच माणूस आयकरासाठी नोकरदार आणि सोशल सिक्युरिटीसाठी (म्हणजे सरकारी पेन्शनच्या वर्गणीसाठी) स्वयंरोजगारवाला! घरभत्ता आयकरातून वगळायचा, पण सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स काढताना परत मोजायचा. मी जिथे अर्धवेळ काम करते त्या छोट्या टॅक्स ऑफिसात हे कुणालाच नीट येत नव्हतं. गेल्या सीझनला दोन पाद्र्यांची रिटर्नं माझ्याकडे आली. यंदा मालकीणबाई म्हणतात, सगळी तुझ्याकडेच.

आता कडू भाग. जानेवारी 2025 मध्ये ओहायोने कायदा बदलला. 1 जानेवारी 2026 पासून बॅचलर्स आणि दोन वर्षांचा अनुभव असेल तर परवाना मिळेल. मास्टर्स असेल तर एक वर्ष पुरेल. ज्या 150 क्रेडिटसाठी मी उडी मारली होती ती अटच गेली. तेव्हा दोन कोर्स झाले होते, फी आणि ते साठ-साठ डॉलर धरून 3,420 गेले होते. नवरा म्हणाला, सोडून दे. रात्री वहीत आकडे मांडले. गेलेले 3,420 तर गेलेच, ते निर्णयात धरायचेच नाहीत, एवढं बी.कॉम.लाच शिकवतात. (शिकवतात, पण मनातून जात नाहीत.) उरलेल्या तेरा-चौदा हजारांत मी अनुभवाचं एक वर्ष विकत घेत होते. माझं काम अर्धवेळ, म्हणजे ते 'दोन वर्ष' माझ्या बाबतीत दोनाचं तीन-चार होणार. शिवाय नवऱ्याची नोकरी कधी कुठल्या राज्यात नेईल, भरवसा नाही, आणि प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. म्हणून चालू ठेवलं. पूर्णवेळ नोकरी असती तर सोडलं असतं, हे लिहून ठेवते. कुणी आज विचारलं तर पहिला प्रश्न हाच करीन, की परवान्यासाठी तुला डिग्री लागतेय की अनुभव.

परत कॅल्क्युलेटरकडे. परीक्षेवर कॅमेऱ्यातून नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं आहे. नियम म्हणे पान चौदावर होता: फक्त स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर. त्याला माउसने एकेक आकडा टोचायचा, तो नेमका प्रश्नावर येऊन बसतो, आणि जीटी नाही. आधीच्या सहा कोर्सला टेबलावर तोच सिटिझन होता, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. तक्रारीचं तिकीट काढलं. विद्यापीठ म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे विद्यापीठाला. नवव्या दिवशी तिकीट 'समाधानकारकरीत्या बंद' झाल्याचा मेल आला. मी ते परत उघडलं.

दर आठवड्याच्या पानावर खाली एक चौकोन असतो: 'आम्ही तुमच्यासाठी कशाची प्रार्थना करावी?' चौदा महिन्यांत मी तो एकदाही भरला नव्हता. त्या दिवशी संतापून लिहिलं, 'हेल्पडेस्कला सुबुद्धी.' संध्याकाळी प्राध्यापकांचा फोन. सगळं ऐकून घेतलं, मग चक्क फोनवरच प्रार्थना केली, आणि तीत हेल्पडेस्क हा शब्द खरोखर आला. दोन दिवसांत त्यांनी स्वतः व्हिडिओ कॉलवर बसून माझी परीक्षा परत घेतली. कुकर लावू नकोस एवढीच अट, कारण मागच्या वेळी त्या सॉफ्टवेअरने शिट्टीचीही नोंद केली होती.

सिटिझनला मात्र तेही नाही म्हणाले. सीपीएच्या परीक्षेलाही स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, स्क्रीनवरचाच मिळतो आणि सोबत एक स्प्रेडशीट. चार पेपर, प्रत्येकी चार तास, पास व्हायला 75. तिथे रडण्यापेक्षा इथे सवय कर, म्हणाले. मी नंतर नमुना परीक्षा उघडून बघितली, तर खरंच तसं. त्यामुळे वर कॅल्क्युलेटरवरून केलेला अर्धा त्रागा मी मागे घेते. जीटीचा अर्धा राहू दे. आता स्प्रेडशीटमध्ये बेरजा करायचा सराव चालू आहे. वेग निम्म्यावर आलाय, चुकाही कमी झाल्यात, हे सिटिझनला सांगितलेलं नाही.

तीन कोर्स बाकी आहेत. ॲडव्हान्स्डला ए-मायनस आला. दुसऱ्या प्रयत्नासाठी प्रॉक्टरिंगचे, म्हणजे परीक्षेवर नजर ठेवण्याचे, म्हणून कापलेले पंचवीस डॉलर अजून परत आलेले नाहीत, तिकीट उघडंच आहे. माझ्या वहीत ती रक्कम येणे बाजूला धरलीय. बुडीत व संशयित कर्ज निधी अजून काढलेला नाही.