एकट्या आईची गाडी म्हणून टीव्हीएस एक्सएल १००

खेड्यापाड्यांत एक्सएल म्हणजे दूधवाल्याची गाडी. त्यामुळे लेकरं एकटीने सांभाळणारी, कामावर जाणारी बाई शोरूममध्ये शिरली की तिला थेट स्कूटरपुढे उभं करतात. घरापासून तालुक्यापर्यंत सगळा डांबरी रस्ता असेल तर स्कूटरच घ्या, त्यात वाद नाही. पण घर, अंगणवाडी, वावर आणि लेकराची शाळा असा फेरा असेल आणि त्यात किलोमीटरभर जरी पांदण लागत असेल, तर आमचं मत एक्सएलला.

पहिलं कारण चाक. एक्सएलचं चाक १६ इंची, स्कूटरचं १० किंवा १२. विदर्भातली काळी माती पाऊस पडला की टायरला थरावर थर चिकटते, मडगार्डच्या आत कोंबली जाते आणि चाक जाम होतं. एक्सएलचंही होतं, पण मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं आणि मडगार्डखाली काडी घालून माती उकरता येते. दुसरं कारण वजन. ही गाडी नव्वद किलोच्या आत आहे, तर ११० सीसीच्या बहुतेक स्कूटर शंभरच्या वर. चिखलात आडवी झालेली गाडी उचलायला आजूबाजूला कोणी नसतं, तेव्हा हा फरक कमरेला कळतो. उचलण्याआधी चावी बंद करा. पाठ गाडीकडे करा, गुडघ्यात वाका, एका हाताने हँडलची मूठ आणि दुसऱ्याने सीटखालचा सांगाडा धरा, आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उभ्या व्हा.

इंजिन ९९.७ सीसीचं. गिअर नाही, हाताचा क्लच नाही. सायकल येत असेल तर निम्मं शिक्षण झालेलंच असतं. पहिल्या दिवशी इंजिन बंदच ठेवा. शाळेच्या मैदानात हलक्या उतारावर गाडी सोडायची आणि ब्रेक लावून थांबवायची, एवढंच. मग मेन स्टँडवर लावून चालू करा आणि मूठ किती पिळल्यावर मागचं चाक फिरायला लागतं ते बघा. तो बिंदू हाताला कळला की गाडी झटका देत नाही. नवशिक्या बाईचा अपघात फक्त चालवताना नाही, गाडी ढकलतानाही होतो. इंजिन चालू, उजव्या हातात मूठ. तोल गेला की हात आपोआप मूठ आवळतो, आणि गाडी भिंतीकडे. ढकलायची तर इंजिन बंद करूनच.

सीट जमिनीपासून ७८७ मिलिमीटरवर आहे. पाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या बाईचे दोन्ही तळपाय टेकत नाहीत, एका बाजूला झुकून एक पाय टेकवायची सवय करावी लागते. ही गाडीची खरी उणीव. दुसरी, सीटखाली डबा, पर्स, रेनकोट ठेवायला जागा नाही. पुढे पोतं मात्र आरामात मावतं. तिसरी, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. रपट्यावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरच्या, थोड्याशा पाण्यातून आल्यावर ते धरत नाहीत. पुढचे शंभरेक मीटर हळू जात ब्रेक हलके दाबून सुकवायचे. रपट्यावरून पाणी वाहताना दिसत असेल तर गाडी घालायचीच नाही, पलीकडे शाळा सुटलेली असली तरी.

पंक्चर हा या भागातला रोजचा विषय, कारण पांदणीच्या दोन्ही कडांना बाभळी. चाक ट्यूबचं असेल तर कुठल्याही गावात पंक्चर निघतं, ही सोय. पण नवी ट्यूब टाकून दुसऱ्याच दिवशी पुन्हा हवा गेली तर दोष ट्यूबचा नसतो. काट्याचं टोक टायरमध्ये मोडून राहिलेलं असतं. ट्यूब बसवण्याआधी जुन्या लुगड्याचा तुकडा टायरच्या आतून फिरवायला लावा. टोक असेल तिथे कापड अडकतं. बोटाने चाचपू नका. गाडीत एक जादा ट्यूब ठेवावी. साडी नेसत असाल तर मागच्या चाकाची साडीजाळी काढू देऊ नका. काही जण सामान बांधायला अडचण होते म्हणून ती काढून टाकतात.

चिखलातून आल्यावर गाडी धुतली की चेनला तेल हवंच, नाहीतर ती गंजून आवळते आणि दातरी खाते. चेन मधोमध बोटाने वर-खाली केली तर साधारण इंचभर हलावी. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तेव्हा टाकी काठोकाठ भरू नका. टाकी ४ लिटरची आहे, आठवडाभराच्या फेऱ्यांना बहुतेकींना पुरते.

गाडीपेक्षा जास्त फसगत कागदांत होते. शोरूमवर पहिला प्रश्न हमखास, "भाऊ नाही आले का संगं?" नाही आले. गाडी तुमच्या नावावर, हप्ता तुमच्या खात्यातून, एवढं सांगून पुढे व्हा. व्याज विचारताना 'फ्लॅट' (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर) की 'घटत्या शिल्लकीवर' (फेडायच्या उरलेल्या रकमेवर) हे स्पष्ट विचारा. ६० हजारांचं कर्ज ३ वर्षांसाठी फ्लॅट १२ टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता सुमारे २,२६७ रुपये बसतो आणि खरं व्याज घटत्या शिल्लकीच्या हिशेबाने २१ टक्क्यांच्या आसपास जातं. बँकेने घटत्या शिल्लकीवर १४ सांगितले आणि एजंटाने फ्लॅट १२, तर स्वस्त बँकच.

नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा ५ वर्षांचा एकदमच काढावा लागतो. त्यामुळे पाच वर्षं निश्चिंत असा समज होतो. तो फक्त समोरच्याच्या नुकसानीचा. आपल्या गाडीचा विमा आणि मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती संरक्षण बहुतेकदा एकाच वर्षाचं दिलेलं असतं. घरात दुसरं कमावणारं कोणी नसेल तर या १५ लाखांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. वारस म्हणून लेकराचं नाव घाला, आणि ते अज्ञान, म्हणजे अठराच्या आतलं, असेल तर त्याच्या वतीने पैसे स्वीकारणारी व्यक्तीही नेमा. आई, बहीण, ज्यांच्यावर भरवसा आहे ते. रकाना रिकामा सोडला तर पैसे अडकतात. आणि हे संरक्षण लायसन असेल तरच लागू. एक्सएललाही लुनाच म्हणत 'लुनाला कशाला लायसन' असं सांगणारे भेटतील. ५० सीसीच्या वरच्या गाडीला लागतंच. शिकाऊ लायसन ६ महिने चालतं, ३० दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते. अनेक तालुक्यांत आरटीओचं शिबिर भरतं, तारीख आधी विचारून ठेवा.

दोन लेकरं असतील तर अडचण आहे. चालवणारीशिवाय एकच माणूस कायद्याने बसवता येतं. पुढे पायांजवळ लेकरू उभं करायची रीत सर्रास दिसते. ब्रेक लागला की त्याचा चेहरा आधी हँडलवर आदळतो. दोन फेऱ्या करा, किंवा मोठ्याला सायकल. चारच्या आतल्या मुलाला हेल्मेट आणि आईशी बांधून ठेवणारा पट्टा लागतो, आणि वेग ४०च्या आत.

आता ज्यासाठी हा खर्च करायचा ते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे निव्वळ पैशाच्या हिशेबात गाडी एसटीपुढे हरते. पण शेवटच्या गाडीची वेळ एसटी ठरवते. मीटिंग लांबली, मैत्रिणीकडे चहा व्हावासा वाटला, वाचनालयात बसावंसं वाटलं, की घड्याळ आडवं येतं. स्वतःला काय आवडतं हे कळायला आधी दोन मोकळे तास लागतात, आणि दिवसभर कोणाची तरी आई, सून, ताई असणाऱ्या बाईला ते घरात मिळत नाहीत. म्हणून आमचा सल्ला, महिन्यातला एक लिटर पेट्रोल कामाच्या हिशेबातून बाहेर ठेवा. लेकरं आजीकडे, आणि आपण निघायचं. लोक विचारतात, "कुठं चाल्ली वं?" "इकडंच," एवढं उत्तर पुरतं.

वर्ध्याच्या आसपास राहत असाल तर सेवाग्राम आणि पवनार या गाडीच्या आवाक्यातल्या जागा. पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम आहे, आणि १९५९ साली तिथे स्थापन झालेल्या ब्रह्मविद्या मंदिरात बायकाच आपला कारभार चालवतात. एकटी बाई नदीकाठी तासभर बसली तरी तिथे वावगं वाटत नाही. वेगाची अपेक्षा मात्र नको, ही चाळीस-पन्नासने निवांत चालणारी गाडी. मोठ्या रस्त्यावर ट्रकला वाट देत डाव्या कडेने जा. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे जुनाच रस्ता धरायचा, आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचं, कारण पांदणीवर रात्री रानडुकरं असतात.